बैलाची खांदेमळण आणि धन्याची मान

पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपल्याकडे बैलांची खांदेमळण होते. कोठें कोठें तीस खांदशेकणी असेंही म्हणतात. त्या दिवशीं बैलांच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. ऊन पाण्यानें त्यांचे खांदे धुवून शेकतात, हळद व तूप लावून चोळतात, आणि ज्या मानेनें वर्षभर नांगर, वखर व गाडी ओढिली त्या मानेचे उपकार मानितात. या चालींत भक्ति तर आहेच. पण तिच्या पोटीं व्यवहारज्ञानही आहे. जूं घासून बैलास खांदेसूज आली म्हणजे जाणता शेतकरी त्यास जुंपीत नाहीं. ज्या जुवानें सूज आणिली तें नीट करून घेतो. सूज उतरल्यावर त्यास आधीं हलक्या कामास लावून पाहतो. आणि सुजेंत पू झाला किंवा बैलानें वैरण टाकली कीं पशुवैद्यास बोलावितो. या चार गोष्टी त्यास कोणी शिकवाव्या लागत नाहींत.

परंतु त्याच शेतकऱ्याची स्वतःची मान धरली, तर यांपैकीं एकही गोष्ट तो करीत नाहीं. तो एक तर तसाच कामास जातो, नाहीं तर आठ दिवस खाटेवर पडून राहतो. कोणाकडून तरी मानेस हिसका देववितो. दुकानांतून गोळी आणून खातो. आणि ज्या ओझ्यानें मान धरली तें ओझें मात्र जेथल्या तेथें राहतें. दुखणें लहान असलें तर तें या सर्व उपायांना न जुमानतां आपोआप बरें होतें, आणि श्रेय हिसका देणाऱ्यास मिळतें. दुखणें मोठें असलें तर मात्र हे चार-आठ दिवस जिवावर बेततात. सबब, बैलाच्या बाबतींत आपण जें शहाणपण दाखवितों तेंच स्वतःच्या व मजुरांच्या मानेबद्दल कसें दाखवावें, हें आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मान धरते म्हणजे काय होतें ?

मानेंत लहान लहान सात मणके एकावर एक रचलेले असतात. बहुतेक दोहोंच्या मध्यें मऊ गादी असते, मागल्या बाजूस बारीक सांधे असतात, आणि सभोंवार स्नायूंचे पट्टे कवटीपासून खांद्यापर्यंत व पाठीच्या फऱ्यापर्यंत गेलेले असतात. मोठ्या माणसाचें डोकें साडेचार ते पांच किलो भरतें. तें खांद्यांच्या बरोबर वर तोललेलें असतें तोंवर त्याचा भार मणक्यांवर सरळ उतरतो, व स्नायूंस फारसे श्रम पडत नाहींत. परंतु खुरपतांना किंवा रोप लावतांना डोकें पुढें झुकलें कीं तोच भार मागील स्नायूंस ओढून धरावा लागतो. याचा अनुभव कोणासही घेतां येईल. पाण्यानें भरलेली बादली अंगाशीं धरून उभें रहावें, आणि मग तीच बादली हात लांब करून धरावी. बादली तीच, पाणी तेंच. पण दुसऱ्या वेळीं हात थरथरूं लागतो. मानेचे स्नायू दिवसचे दिवस बादली अशी लांब धरून असतात.

सतत ताणून धरलेल्या स्नायूंत रक्ताचा पुरवठा कमी पडतो व तो थकतो. अशा थकलेल्या मानेस एखादा अवचित झटका बसला, किंवा रात्रीं ती वांकडी राहिली, म्हणजे तेथील एखादा सांधा वा स्नायू दुखावतो. आणि त्या जागेची हालचाल होऊं नये म्हणून आजूबाजूचे स्नायू आंखडून घट्ट होतात. यासच आपण मान धरली, उसण भरली, लचक आली, असें म्हणतों. हाताखालीं जो टणक गोळा लागतो तो म्हणजे हा आंखडलेला स्नायू. तो वैरी नव्हे. तो राखणदार आहे. मात्र राखणदाराच्या अंगीं एक दोष असतो. चोर निघून गेला तरी तो भुंकतच राहतो. आंखडल्यामुळें दुखतें, दुखतें म्हणून माणूस मान आणखी ताठ धरतो, आणि ताठ धरल्यामुळें स्नायू आणखी आंखडतो. उपचाराचें सारें मर्म हें रहाट थांबविण्यांत आहे.

अशी साधी धरलेली मान बहुधा चार-सहा दिवसांत सैल होऊं लागते व एक-दोन आठवड्यांत बरी होते. तिच्यासाठीं लगेच फोटो काढण्याची गरज नसते. चाळिशी उलटलेल्या बहुतेक माणसांच्या मानेच्या फोटोंत मणक्यांची थोडीबहुत झीज दिसतेच, व त्यांतील पुष्कळांस कसलेंही दुखणें नसतें. तेव्हां ‘मणक्यांत गॅप आहे’ एवढें ऐकून कोणीं हातपाय गाळूं नयेत. केंस पिकतात तशी ती बऱ्याच अंशीं वयाची खूण असते.

आमचा स्वतःचा अनुभव

दोन वर्षांपूर्वीं ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षमण्यांची विरळणी चालली होती. मजुरांची टंचाई म्हणून आम्हीही बायामाणसांच्या बरोबरीनें मांडवाखालीं उभे राहिलों. डोकें वर, हात वर, अशा स्थितींत पांच दिवस गेले. सहाव्या दिवशीं पहांटे उठूं लागलों तों मान डाव्या बाजूस वळलेली, आणि उजवीकडे तसूभरही वळेना. कोणी हांक मारिली तर सबंध अंगानें वळून पाहवें लागे. तो दिवस आम्हीं निजून काढला. दुसऱ्या दिवशीं मान अधिकच ताठ झाली. शेजारच्या एका हितचिंतकानें गांवांतील एका दांडग्या गृहस्थाचें नांव सुचविलें. ते म्हणे मान हातांत धरून कडकन् आवाज काढितात कीं काम झालें. आमचे बंधु मध्यें पडले नसते तर आम्ही गेलोंही असतों. त्यांनीं आम्हांस तालुक्याच्या गांवीं डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं ताप, हातांतील जोर, मुंग्या, चालणें, सर्व कांहीं विचारून व तपासून पाहिलें, आणि शेजारच्या खोलींत व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे धाडिलें. त्यांनीं जें सांगितलें तें आम्ही पुढें देत आहों. चौथ्या दिवशीं मान अर्धी वळूं लागली, आणि आठव्या दिवशीं आम्ही पुन्हां बागेंत गेलों. पण या वेळीं पायांखालीं लांकडी घडवंची घेऊन.

पहिल्या तीन दिवसांत काय करावें ?

पहिली गोष्ट म्हणजे जड काम थांबवावें. पण हिंडणें-फिरणें थांबवूं नये. गोठ्यांत जावें, घरांतलीं हलकीं कामें करावीं. दुखणें अति झालें तर तासभर आडवें व्हावें व पुन्हां उठावें. मानेस पट्टा बांधून दिवसचे दिवस बसल्यानें स्नायू दुबळे होतात. डॉक्टरांनीं कारण पाहून सांगितल्याशिवाय पट्टा वापरूं नये.

दुसरी गोष्ट शेक. ऊन पाण्याची पिशवी, किंवा तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची फडक्यांतील पुरचुंडी, पंधरा ते वीस मिनिटें, दिवसांतून तीन-चार वेळां धरावी. पुरचुंडी आधीं मनगटाच्या आंतील बाजूस लावून पहावी. ज्यांस मधुमेह आहे किंवा त्या जागेची त्वचा बधिर आहे त्यांनीं विशेष जपावें. त्यांस चटका कळत नाहीं व फोड येतो. शेकानंतर घरच्या माणसानें हलक्या हातानें तेल चोळण्यास हरकत नाहीं. चोळतांना हायसें वाटलें पाहिजे. ओरडावें लागेल इतका जोर केल्यास स्नायू अधिकच आंखडतो.

तिसरी गोष्ट हालचाल, आणि हीच मुख्य होय. शेकानें मान जरा सैल झाल्यावर पाठ सरळ ठेवून बसावें. खांदे खालीं सोडावे. हनुवटी न उचलतां डोकें सरळ मागें घ्यावें, जणूं कोणी कपाळास बोट लावून हलकें मागें सारीत आहे. क्षणभर थांबून सोडावें. मग मान हळूहळू उजवीकडे, जेथें दुखूं लागेल तेथपर्यंतच, वळवावी. मध्यावर आणून तशीच डावीकडे न्यावी. पुढें कान त्याच बाजूच्या खांद्याकडे झुकवावा. खांदा मात्र वर उचलूं नये. शेवटीं दोन्ही खांदे वर, मागें व खालीं असे फिरवावे. प्रत्येक प्रकार पांच वेळां, व सबंध क्रम दिवसांतून पांच-सहा वेळां करावा. डोकें चक्राकार गरगर फिरवूं नये.

वेदना असह्य असेल तर पॅरासिटामॉलची गोळी डॉक्टरांनीं सांगितलेल्या मापानें घ्यावी. दुकानांतून मिळणाऱ्या इतर तीव्र वेदनाशामक गोळ्या पोटांत व्रण करितात व मूत्रपिंडास इजा करितात. उन्हांत राबून पाणी कमी प्यालेल्या माणसास ही इजा लवकर होते. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं त्या आपल्या मनानें कधींही घेऊं नयेत. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनीं गुंगी येते. अशी गोळी घेऊन ट्रॅक्टरवर बसणें, किंवा रात्रीं विहिरीवर मोटर चालू करण्यास जाणें, म्हणजे मानेच्या दुखण्यावर जीव ओंवाळून टाकणें होय.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हलकें काम सुरू करावें, आणि मान पूर्ण वळूं लागल्यावर ती बळकट करण्याचा एक व्यायाम जोडावा. तळहात कपाळास लावून डोक्यानें हातास व हातानें डोक्यास, दोन्ही न हलतील असें, पांच सेकंद दाबावें. तसेंच मागून व दोन्ही बाजूंनीं. मानेच्या व खांद्यांच्या स्नायूंस नियमित व्यायाम दिल्यानें वारंवार दुखण्याचें प्रमाण कमी होतें. राबणाऱ्यास व्यायाम कशाला, अशी शंका कोणी घेतील. परंतु शेतांतील काम एकाच अंगानें, एकाच दिशेनें होतें. व्यायाम उरलेल्या दिशांना काम देतो.

मानेस हिसका देऊं नये

गांवोगांवीं, केशकर्तनालयांत व बाजारच्या दिवशीं, मान एकदम वळवून कडकन् आवाज काढण्याची रीत आहे. आवाज आला म्हणजे शीर बसली असें समजतात. आवाज कशाचा असतो ? सांध्यांतील द्रवांत वायूची पोकळी उत्पन्न होण्याचा. शिरेचा त्याच्याशीं संबंध नाहीं. परंतु मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंस भोंकें असून त्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर गेलेल्या असतात. अवचित हिसक्यानें क्वचित् धमनीचें आंतील अस्तर फाटतें, तेथें रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूंत जाऊन माणसास अर्धांगवायु होतो. हें कधीं तत्काळ, तर कधीं कांहीं तासांनीं किंवा दिवसांनीं घडतें, म्हणून लोक त्याचा हिसक्याशीं संबंध जोडीत नाहींत. असे प्रसंग विरळा होत हें खरें. पण जें दुखणें आठवड्यांत आपण होऊन जाणार त्यासाठीं इतकी जोखीम घेणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार आहे. केंस कापून घ्यावे, डोक्यास तेल लावून घ्यावें. मान मात्र कोणाच्या हातीं देऊं नये.

जूं बदलणें

बैलाची खांदेसूज बरी करून पुन्हां तेंच खडबडीत जूं ठेवलें तर सूज परत येते. मानेचेंही तसेंच आहे. आपल्या कामांतील जूं कोणतीं, याचा विचार करूं.

डोक्यावरचें ओझें हें पहिलें. पाटी, हारा, कडब्याच्या पेंढ्या, उसाची मोळी हीं मानेच्या मणक्यांवर सरळ दाब आणितात. आणि ओझें घेऊन शिडी चढतांना किंवा बांधावरून उतरतांना तोल सांवरण्यास मान झटके खाते. ओझ्याचे दोन भाग करून दोन खेपा कराव्या. डोक्यावर जाड व रुंद चुंबळ घ्यावी. ओझें एकट्यानें झटक्यानें न उचलतां दुसऱ्यानें हात द्यावा, आणि उतरवितांनाही तोच नियम पाळावा. जेथें हातगाडी जाते तेथें डोकें वापरूं नये. पांच-सहा शेतकऱ्यांनीं मिळून एक चाकाची गाडी घेतली तरी वाडींतील सर्व बायामाणसांच्या माना वांचतील.

दुसरें जूं पाठीवरचा फवारणीचा पंप. सोळा लिटरचा पंप भरला म्हणजे पंपासुद्धां भार वीस किलोंच्या घरांत जातो, व अरुंद पट्टे नेमके त्याच स्नायूंवर रुततात जे मानेस धरून ठेवतात. पट्ट्यांखालीं जाड फडकें किंवा गादी शिवून घ्यावी, दोन्ही पट्टे सारखे आंवळावे, पंप उंचवट्यावर ठेवून पाठीवर घ्यावा, आणि मान दुखरी असतां टाकी अर्धीच भरावी.

तिसरें, वर पाहून करण्याचें काम. द्राक्षाच्या मांडवाखालील छाटणी, विरळणी व घड बुडविणें यांत मान तासन् तास मागें मोडलेली असते. घड डोळ्यांच्या उंचीवर येईल अशी भक्कम व न डगमगणारी घडवंची घ्यावी. ठेंगण्या व उंच मजुरांस एकाच उंचीच्या मांडवाखालीं एकच काम देण्याऐवजीं कामांची अदलाबदल करावी.

चौथें, खालीं पाहून करण्याचें काम. भाताची लावणी, कांद्याची लागवड, खुरपणी, हीं कामें टळत नाहींत. परंतु दर अर्ध्या तासानें कमरेवर हात ठेवून ताठ उभें राहणें, आभाळाकडे नव्हे पण क्षितिजाकडे पाहणें, व खांदे चार वेळां मागें फिरविणें, यास दोन मिनिटेंही लागत नाहींत. रांगेंत पेरलेल्या पिकांत सायकल कोळपें चालवून खुरपणीचें काम पुष्कळ कमी करतां येतें.

पांचवें, ट्रॅक्टर. मागच्या अवजारावर नजर ठेवण्यासाठीं चालक दिवसभर एकाच खांद्यावरून मागें पाहतो. नुसती मान न वळवितां बसल्या जागीं कंबरेपासून वळावें. जेथें जमेल तेथें आरसा बसवावा. फेऱ्यांची दिशा मधून मधून बदलावी, म्हणजे पाहण्याची बाजूही बदलेल.

सहावें जूं आपण रात्रीं घालतों. माळ्यावर राखण करितांना वळकटी उशाखालीं घेऊन, किंवा पालथें पडून मान एका बाजूस मुरडून निजणें वाईट. उशी एवढीच असावी कीं कुशीवर निजल्यास डोकें खांद्याच्या उंचीनें भरून निघेल. बाजारभाव पाहण्यासाठीं अंथरुणांत मोबाइल छातीवर धरून तासभर हनुवटी गळ्यास टेकवून पाहणें, हेंही याच सदरांत येतें. मोबाइल डोळ्यांसमोर उचलून धरावा.

जेव्हां मान धरणें हें मानेचें दुखणें नसतें

आतां या लेखाच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे आम्ही येतों. तो लिहितांना आम्हांस थोडी लाज वाटते, परंतु सांगणें कर्तव्य आहे.

आमच्या मळ्यांत बरेच वर्षांपासून असलेला एक गडी एके सकाळीं मान धरली म्हणून बसून राहिला. आमचें स्वतःचें दुखणें नुकतेंच बरें झालें होतें, आणि त्याविषयींचें ज्ञान आमच्या अंगीं ताजें होतें. आम्हीं त्यास मिठाची पुरचुंडी धाडिली व व्यायाम समजावून दिले. दुसऱ्या दिवशीं त्याची बायको आमच्या घरीं आली. ती म्हणाली, “दादा, मान तर धरलीच आहे, पण त्यांना तोंडही उघडतां येत नाहीं. भाकरी दुधांत कुस्करून दिली तरी घांस गिळवत नाहीं.” आमच्या मातोश्री चुलीपाशीं होत्या. त्यांनीं एकच प्रश्न विचारिला : “त्याच्या पायाला कांहीं लागलें होतें का ?” नऊ दिवसांपूर्वीं गोठ्यांत एक गंजका खिळा त्याच्या टांचेत गेला होता. त्यानें तो उपटून टाकला, हळद भरली, आणि काम चालू ठेविलें. आम्हांस तें ठाऊक होतें. आम्हीच त्यास हळद दिली होती. त्या दिवशीं दुपारपर्यंत त्यास जिल्ह्याच्या रुग्णालयांत पोंचविलें. धनुर्वात होता. तो महिन्याहून अधिक काळ तेथें राहिला, त्यांतील कित्येक दिवस यंत्राच्या श्वासावर, आणि देवाच्या कृपेनें परत आला. आणखी एक दिवस आमची पुरचुंडी चालू राहिली असती तर काय झालें असतें, हा विचार अजूनही आम्हांस सोडीत नाहीं.

धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांत असतात. खोल, अरुंद जखमेंत हवा पोंचत नाहीं, तेथें ते वाढतात व त्यांचें विष मज्जातंतूंत शिरतें. जखमेनंतर तीन ते एकवीस दिवसांत, बहुधा आठव्या दिवसाच्या सुमारास, प्रथम जबडा व मान ताठ होते, गिळणें कठीण होतें, आणि पुढें सर्वांगास झटके येतात. यावर लस हा उत्तम उपाय असून ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळते. लहानपणीं घेतलेली लस जन्मभर पुरत नाहीं. मोठ्या माणसानें दर दहा वर्षांनीं ती पुन्हां घ्यावी. खिळा, विळा, कोयता, फाळ, कांटा यांची खोल जखम झाली तर ती साबण व पुष्कळ पाण्यानें धुवून त्याच दिवशीं केंद्रावर जावें.

मान ताठ होण्याचीं किंवा स्नायू आंखडण्याचीं पुढील रूपेंही शेकण्याचीं नव्हेत. तीं तत्काळ दवाखान्यांत नेण्याचीं होत.

ताप, तीव्र डोकेदुखी, उलटी, उजेड सहन न होणें व हनुवटी छातीस न टेकणें, हीं एकत्र असल्यास मेंदूच्या आवरणाचा ज्वर असण्याचा संभव असतो. यांत घटकांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे.

फवारणीनंतर घाम, लाळ व डोळ्यांतून पाणी सुटणें, मळमळ, बाहुल्या बारीक होणें आणि अंगावर ठिकठिकाणीं स्नायू फडफडणें, ही विषबाधा होय. सन २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले, हें आमच्या वाचकांस स्मरत असेलच. अशा माणसाचे कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें, आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी सांभाळून ती त्याच्याबरोबर दवाखान्यांत न्यावी.

रात्रीं जमिनीवर निजलेला माणूस सकाळीं पोटांत दुखतें म्हणूं लागला, त्याच्या पापण्या मिटूं लागल्या व मान धरवेना, तर मण्यारीच्या दंशाचा संशय घ्यावा, मग दंशाची खूण सांपडो वा न सांपडो. येथें मान ताठ नसते, गळालेली असते. मंत्र-तंत्रांत वेळ न घालवितां, विषावरील लस व श्वासयंत्र असेल अशा रुग्णालयांत न्यावें.

झाडावरून, गाडीवरून किंवा विहिरींत पडून मान दुखावली असेल तर त्या माणसास उठवूं-बसवूं नये. डोकें दोन्ही बाजूंनीं हातांनीं स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हातांतील जोर कमी होणें, मुंग्या व बधिरपणा वाढणें, चालतांना पाय अडखळणें, लघवीवरील ताबा जाणें, हीं मज्जारज्जु दबल्याचीं लक्षणें होत. रात्रीं वाढणारें दुखणें, बारीक ताप व वजन घटणें हीं एकत्र दिसल्यास मणक्याचा क्षय आहे कीं काय हें पाहून घ्यावें. तो औषधांनीं बरा होतो. आणि मान, जबडा व डावा हात दुखून छातींत दाब व घाम आला तर तें हृदयाचें दुखणें समजून क्षणाचाही विलंब लावूं नये.

यांपैकीं कांहीं एक नसतांही साधी मान दोन आठवड्यांत सुधारली नाहीं, तर डॉक्टरांस दाखवावें.

मजुरांविषयीं दोन शब्द

मान धरली म्हणजे बागायतदार दोन दिवस हलकें काम करूं शकतो. मजुरास तें परवडत नाहीं. त्याचा खाडा पडतो. उक्त्या कामावर किंवा उचल घेऊन ऊसतोडीस आलेल्या कुटुंबांत तर एकाच्या खाड्यानें सबंध कोयत्याचा हिशेब बिघडतो, म्हणून बाई मान बांधून पुन्हां मोळी उचलते. अशा मजुरास आम्हीं सांगितलेल्या उपायांचा उपदेश करणें ही थट्टा होईल, जर आम्ही त्यास हलकें काम देण्यास तयार नसूं. बियाणें निवडणें, पिशव्या भरणें, रोपवाटिकेंत पाणी घालणें, अशीं कामें प्रत्येक मळ्यांत असतात. मान धरलेल्या गड्यास तीन-चार दिवस तीं द्यावीं व मजुरी कापूं नये. आठ दिवसांच्या पूर्ण खाड्यापेक्षां हें मालकासही स्वस्त पडतें. पण स्वस्त पडतें म्हणूनच तें करावें असें आमचें म्हणणें नाहीं.

आमच्या गड्यास घरीं आणिलें त्या वर्षीं पोळ्याच्या आदल्या दिवशीं नेहमींप्रमाणें खांदेमळण झाली. तो अजून अशक्त होता. तरी हळद-तूप घेऊन तोच पुढें झाला, आणि दोन्ही बैलांचे खांदे त्यानें बराच वेळ चोळले. त्या सकाळीं आरोग्य केंद्राच्या परिचारिका बाईंस बोलावून आम्हीं मळ्यांतील सर्व मोठ्या माणसांस, आपणांसह, धनुर्वाताची लस टोंचून घेतली होती. तेव्हांपासून दर वर्षीं आदल्या दिवशीं आम्ही दोन गोष्टी न चुकतां करितों. बैलांच्या खांद्यांबरोबर पंपाचे पट्टे, चुंबळी व घडवंच्याही तपासून घेतों. आणि मळ्यांत नव्यानें आलेल्या माणसास लस झाली आहे कीं नाहीं हें विचारितों. आमचे वाचक बैलांची खांदेमळण करितात यांत संशय नाहीं. त्याच दिवशीं या दोन गोष्टी त्यांनीं तिच्यास जोडाव्या, एवढी आमची विनंति आहे.